तो हट्ट नव्हता



दोन-तीन महिन्यांपूर्वी एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. नणंदेच्या घरचं लग्न. सोबत सात वर्षांचा मुलगा. सकाळी बरा होता. मग वरात आली, बँड वाजला, कार्यालयात पंगत बसली. कुणी त्याचे गाल ओढले, कुणी जरीच्या शेरवानीचा गळा नीट केला. आणि मुलगा एकदम कान दाबून जमिनीवर पडला, किंचाळायला लागला, खांबावर डोकं आपटायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "लाडावून ठेवलंय नुसतं." दीर म्हणाले, "घरी काही शिकवता की नाही?" आणि या माउलीनं भर मांडवात लेकाच्या पाठीत दोन धपाटे घातले.

पुढं त्या लिहितात, "ताई, मारल्यावरही तो गप्प झाला नाही, जास्तच थरथरला. नंतर डॉक्टरांनी स्वमग्नता आहे म्हणून सांगितलं. आता ते धपाटे मी परत कसे घेऊ?"

धपाटे परत घेता येत नाहीत. पण तेव्हा त्या मुलाचं काय झालं होतं, हे मात्र आपल्या सगळ्यांनाच समजून घेता येईल. कारण असं मूल तुमच्या घरी नसलं तरी शेजारी असेल, जावेचं असेल, मुलांच्या वर्गात असेल.

हट्ट करणाऱ्या मुलाचा एक डोळा आपल्याकडे असतो. फुगा हवा म्हणून भोकाड पसरतं, मधेच थांबून आई बघतेय ना याचा अंदाज घेतं, फुगा मिळाला की डोळे पुसतं. या मुलाला काहीच नको होतं. फुगा देऊन तो थांबला नसता, आणि कोण बघतंय याचं भानही त्याला नव्हतं. बऱ्याच स्वमग्न मुलांना आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतो. आपल्याला बँड म्हणजे गंमत, त्यांना कानात खिळे ठोकल्यासारखं. त्यात शेरवानीची जर टोचतेय, अत्तराचा वास, अनोळखी हात. सकाळपासून एकेक साठत गेलं आणि गाल ओढला तेव्हा उतू गेलं.

दूध उतू जायला लागलं की तुम्ही काय करता? त्याला "खाली बस" म्हणून दटावता? गॅस बंद करता ना! तेच इथं करायचं. मुलाला गर्दीतून बाजूला न्यायचं, नेता येत नसेल तर गर्दीला बाजूला करायचं. दिवा मालवायचा, टोचणारा कपडा सैल करायचा. डोकं आपटत असेल तर मधे उशी धरायची, नाहीतर आपला तळहात. आणि बोलायचं कमीत कमी. "काय झालं? का रडतोस? माझ्याकडे बघ!" या प्रश्नांचा मारा म्हणजे आणखी एक बँडच. "मी इथं आहे" एवढं हळू म्हणून जवळ बसलं तरी पुरे. दूध खाली बसायला वेळ लागतो. नंतर मूल पार गळून जातं. पाणी द्या, झोपू द्या. त्या दिवशी उपदेश नको.

(जे मूल बोलत नाही ते अचानक डोकं आपटायला किंवा रात्री-बेरात्री रडायला लागलं, तर आधी कान, दात, पोट दाखवून घ्या. कित्येकदा दुखणंच असतं, आणि आपण स्वभाव स्वभाव म्हणत बसतो.)

उपदेश नको म्हटलं, पण शिकवायचं नाही असं नव्हे. शिकवायचं ते शांत दिवशी. आपण लेकरांना काऊ-चिऊ शिकवतो, रंग शिकवतो, पाहुण्यांपुढं पाढे म्हणायला लावतो. मनाचे शब्द किती शिकवतो? आपल्या मराठीत ते काय थोडे आहेत? हिरमुसणं, रुसणं, धुसफुसणं, ओशाळणं, कावणं, गलबलून येणं, जीव कासावीस होणं... मुलांच्या वाट्याला मात्र दोनच येतात, "रडू नको" आणि "रागावू नको". मुलगा असेल तर तिसरं वाक्य, "मुलींसारखा काय रडतोस!" हे वाक्य घरातून हद्दपार करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही मुलांची अडचण आणखी आतली असते. भूक लागली, लघवीला आली, छातीत धडधडतंय, हे शरीराचे निरोपच त्यांना नीट कळत नाहीत. मग "तुला राग आलाय का?" याला ती काय उत्तर देणार? आपल्या भावना ओळखता आणि सांगता न येणं याला पीटर सिफ्निऑस या मनोविकारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात नावही दिलं, 'अलेक्सिथायमिया'. स्वमग्न माणसांत ते जास्त आढळतं, सगळ्यांत नाही. अशा मुलाला "का?" विचारू नका. "पोटात कसं होतंय? हात गरम झालेत का?" असं विचारा. कागदावर गॅसचं बटण काढून द्या. मंद, मध्यम, मोठा. आत्ता कुठं आहे, ते त्यानं बोट ठेवून दाखवायचं. (कागदावरच हं! खऱ्या शेगडीपाशी हा खेळ नको.)

टेंपल ग्रँडिन या अमेरिकन बाई स्वतः स्वमग्न. जनावरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा त्यांनी मावशीच्या रँचवर पाहिला, आणि जनावरं त्यात शांत होतात हे बघून अठराव्या वर्षी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. त्या पुढं जनावरांच्या शास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. आपल्याकडं यंत्र कशाला, आजीची जाड गोधडी आहे. मोठ्या मुलाला आवडत असेल तर पांघरू द्या, तोंडावर मात्र नको. सगळ्यांनाच ती आवडत नाही. नको म्हटलं तर नको. तान्ह्या बाळांवर तर जड पांघरूण घालूच नये.

आता त्या धपाट्यांबद्दल. मला विचाराल तर तो हात रागानं उठलाच नव्हता. तो सासूबाईंच्या आणि दिरांच्या बोलण्यानं उठला. चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्या घटकेला आईचंही दूध उतू गेलं. मी त्यांना लिहिलं, लेकाजवळ बसा आणि साध्या शब्दांत सांगा, "मी तुला मारलं. माझं चुकलं. तुला आवाजाचा त्रास होत होता." आईनं मुलाची माफी मागितली म्हणून काही तिचा मान जात नाही. आणि घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या. सुनेनं सांगितलेलं पटत नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं की पटतं. वाईट वाटतं, पण असं आहे खरं.

आणखी एक. शंका असेल तर थांबू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी मोफत होते, आणि बऱ्याच जिल्ह्यांत पुढच्या उपचारांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्ट नमूद आहे, तेव्हा शाळेनं "आमच्याकडे जमणार नाही" म्हटलं तर गप्प बसून परत येऊ नका.

परवा त्या भगिनीचं दुसरं पत्र आलं. पुन्हा एक लग्न होतं. आदल्या दिवशी रिकामं कार्यालय लेकाला दाखवून आणलं, शेरवानीऐवजी धुऊन मऊ झालेला सुती सदरा घातला. अक्षता पडल्या आणि वाजंत्री सुरू झाली, तसा त्यानं आईचा पदर ओढला, "मोठा झाला." वडिलांनी त्याला लगेच स्कूटरवर बसवून घरी नेलं. वाटेत थोडं रडला म्हणे. त्या एकट्याच पंगतीला बसल्या. सासूबाई शेजारी होत्या, काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र वाढपिणीला हाक मारून त्यांनी चार जिलब्या डब्यात घालून घेतल्या, "त्याला आवडतात," म्हणून.