सायलेन्सरवर रोडरोलर फिरतो, पण हेडरचं काय?

पुणे, नागपूरसारख्या शहरांत वाहतूक पोलीस जप्त केलेले मॉडिफाय सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात आणि त्याचे व्हिडिओ झपाट्याने शेअर होतात. ही कारवाई असते आवाजावर. कारच्या बॉनेटखाली होणारा एक बदल मात्र रस्त्यावरून जाताना कुणाच्या नजरेस पडत नाही. तो म्हणजे हेडर.

मॅनिफोल्ड आणि हेडर

चार सिलिंडरच्या इंजिनातून जळालेला वायू चार तोंडांनी बाहेर पडतो. तो गोळा करून एका पाइपात सोडणारा, बहुतेकदा बिडाचा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. स्वस्त आणि दणकट, पण आखूड. त्यामुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्टीलचा वेगळा, शक्यतो सारख्या लांबीचा पाइप मिळतो. एक झोत पुढे गेला की त्याच्यामागे दाब कमी होतो आणि नंतरच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढला जातो. मात्र पाइपांची लांबी इंजिनाच्या ठरावीक आरपीएमलाच जुळते. रेस ट्रॅकवरचा फायदा सिग्नलला थांबत चालणाऱ्या गाडीत क्वचितच जाणवतो.

मग अडचण कुठे आहे?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. हा विषारी वायू निष्प्रभ करणारा भाग साधारण 300 अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून 1 एप्रिल 2020 पासूनच्या अनेक बीएस-6 पेट्रोल गाड्यांत तो इंजिनाला अगदी खेटून, कधी मॅनिफोल्डलाच जोडून असतो. अशा गाडीला हेडर बसवला की कन्व्हर्टरही निघतो. मग ऑक्सिजन सेन्सर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लावतो. तो विझवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललं जातं, म्हणजे आजार तसाच ठेवून थर्मामीटर फोडायचा!

पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि उन्हात ओझोन तयार होण्यात त्याचाच मोठा हात असतो.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

काही इंजिनांत तर हेडरला जागाच नाही. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसच्या टीएसआय इंजिनात मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. अशा टर्बो गाड्यांसाठी बाजारात ‘डाउनपाइप’ मिळतो. त्यातही कन्व्हर्टर ठेवलाय की काढलाय, हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.