किल्ली तिजोरीतच राहिली

व्यापारी बंधूंनो, मागच्या बुधवारी रात्री आमच्या घरची बटणांची तिजोरी उघडेना. आत कारागिरांची मजुरी आणि शेजारच्या एका बेवा बहिणीची अमानत. दुकानदार म्हणाला, "कंपनीला फोन करा." फोनवर तासभर "एक दाबा, दोन दाबा" ऐकले, शेवटी उत्तर मिळाले, "तीन दिवसांत माणूस येईल." मजुरी आम्ही उसने पैसे आणून चुकती केली. पण शुक्रवारी त्या बहिणीने अमानत मागितली, तेव्हा आमची मान खाली गेली.

शनिवारी माणूस आला. सेल उतरले होते, एवढेच! अशा वेळेसाठी तिजोरीबरोबर जादा किल्ली मिळते. ती आम्ही तिजोरीतच ठेवली होती. चूक आमचीच. पण किल्ली बाहेर ठेवा, हे विकताना सांगणे कोणाचे काम होते?

घरासाठी घेतलेल्या मालाची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेला माल बसत नाही. मात्र स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्या कारागिराला त्यात जागा आहे. म्हणून बिल जपून ठेवा.

आता स्वतःकडेही पाहू या. लुंगीचा रंग गेला म्हणून गिऱ्हाईक आले, की आपणही "मिलवाल्याला विचारा" म्हणतोच ना? पैसे आपण घेतो, तर जबाबही आपणच द्यावा.