मंत्रचळ : शाबासकीआड लपणारा आजार

टेबलावरची पुस्तके सरळ रेषेत मांडणारा विद्यार्थी हसत म्हणतो, ‘मला थोडा ओसीडी आहे.’ ज्याला हा आजार खरोखर जडलेला असतो, तो हे वाक्य सहसा उच्चारत नाही, तो लपवतो. ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात तो विकार, टापटिपीच्या आवडीतून येत नाही. आवडीत समाधान असते. मंत्रचळात ते कधीच पुरेसे मिळत नाही.

या विकाराची दोन अंगे आहेत. नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसणारा विचार हे पहिले : हाताला जंतू लागले असतील, गॅस सुरू राहिला असेल, देवाविषयी अभद्र शब्द मनात आला असेल. त्यातून उपजणारी भीती शमवण्यासाठी केलेली कृती हे दुसरे : धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात जप करणे. कृतीने क्षणभर बरे वाटते आणि तेथेच घात होतो. ‘हात धुतले म्हणून वाचलो’ हा धडा मेंदू गिरवतो व पुढच्या वेळी शंका अधिक बळाने परतते. आपले वागणे अवास्तव आहे हे रुग्णाला बहुधा कळत असते. कळल्याने ते थांबत नाही. म्हणूनच ‘मन घट्ट कर’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो.

हे चक्र मेंदूत दिसते आणि बदलतेही. १९९२ साली अमेरिकेत लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने पेट स्कॅनच्या आधारे दाखवले, की औषधाने सुधारलेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेल्या, अशा दोन्ही रुग्णांत मेंदूच्या खोल भागातील कॉडेट न्यूक्लियसचा ग्लुकोजवापर घटतो.

भारतात प्रश्न ओळखण्यापासूनच सुरू होतो. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे ०.८ टक्के व्यक्तींत हा विकार आढळला. त्याच सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. मंत्रचळात तर लक्षणे सद्गुणाचा वेश घेतात. देवघरात तासन् तास अडकलेली स्त्री धार्मिक ठरते. एकच पान वीस वेळा वाचणारा परीक्षार्थी कष्टाळू ठरतो. ‘हो, कुलूप लावले आहे’ असे घरचे प्रेमाने दहादा सांगतात. तो दिलासाही त्याच चक्राला इंधन पुरवतो. विकाराची सुरुवात बहुधा किशोरवयात वा ऐन तारुण्यात होते, त्यामुळे वाया जातात ती शिक्षणाची वर्षे.

बेंगळुरूत निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांनी २०१६ मध्ये पाच मेंदूविकारांवर एकत्र संशोधन सुरू केले. मंत्रचळ त्यांपैकी एक. रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्या पेशींपासून मूलपेशी घडवून विकाराची मुळे शोधण्याचा हा प्रकल्प मोलाचा आहे, विज्ञानवार्तांत त्याला स्थान मिळायलाच हवे. मात्र त्याची फळे हाती येण्यास काळ लागेल. परिणामकारक उपचार आजच उपलब्ध आहेत. एसएसआरआय गटातील औषधे पुरेशा मात्रेत ८ ते १२ आठवडे द्यावी लागतात. वर्तनोपचाराची वाट व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्येच दाखवली : भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि ठरलेली कृती करायची नाही. यांनी सर्वच रुग्ण बरे होत नाहीत. पुष्कळांचे आयुष्य मात्र पूर्ववत मार्गी लागते.

हा उपचार शिकलेले हात देशात फार थोडे आहेत, तेही बहुतांशी मोठ्या शहरांत. नव्या जनुकाच्या शोधाइतकीच जिल्हा रुग्णालयांतील आणि महाविद्यालयांतील समुपदेशकांच्या प्रशिक्षणाची मागणी विज्ञानप्रेमींनी लावून धरली पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, इच्छा व निधी लागतो. तोवर ज्यांना स्वतःत किंवा घरात ही लक्षणे दिसतात, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. पहिले पाऊल म्हणून टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. आणि ‘ओसीडी’ हा शब्द थट्टेत वापरणे सोडावे, म्हणजे ज्याला तो खरोखर सांगायचा आहे त्याला तो सांगता येईल.