घामावरचे इंजेक्शन

पंख्याखाली स्वस्थ बसलेले असतानाही काखा, तळहात किंवा तळपाय घामाने निथळणे हा एक रीतसर आजार आहे. बहुतेकांना तो शाळा-कॉलेजच्या वयात जडतो, दोन्ही बाजूंना सारखाच असतो आणि झोपेत थांबतो. झोपेचा हा मुद्दा महत्त्वाचा. रात्री अंथरूण भिजत असेल किंवा उतारवयात अचानक सर्वांगाला घाम सुटू लागला असेल, तर थायरॉइड, क्षय, मधुमेह आणि चालू औषधे यांची तपासणी आधी व्हायला हवी.

या आजारात घर्मग्रंथी निरोगीच असतात. मज्जातंतूंकडून त्यांना मिळणारी चेतना मात्र प्रमाणाबाहेर असते. ही चेतना अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत ग्रंथींपर्यंत पोचते. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे सुरकुत्यांमुळे सर्वांना ठाऊक झालेले बोटॉक्स, नेमके या रसायनाचे पाझरणे थांबवते. खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास करणारे जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी शरीरातील अतिस्रावावर हेच विष औषध ठरू शकेल, असे १८२२ मध्येच सुचवले होते. काखेतील तीव्र घामासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली ती २००४ मध्ये.

इंजेक्शनाआधी घाम नेमका कुठे येतो ते पाहतात. कोरड्या केलेल्या काखेला आयोडीन लावायचे, ते वाळले की वर स्टार्चची पूड भुरभुरायची. जिथे घाम फुटतो तिथे पूड काळीनिळी होते. त्या पट्ट्यावर पेनाने एक-दोन सेंटिमीटर अंतराने खुणा करून अगदी बारीक सुईने, वरवर, त्वचेतच औषध टोचतात. एका काखेत १० ते १५ टोचण्या आणि बोटॉक्सची एकूण ५० युनिट्स लागतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पहिल्या आठवड्यातच फरक जाणवू लागतो आणि साधारण सहा-सात महिने टिकतो. काहींना याहूनही जास्त. मज्जातंतूंची टोके पुन्हा कामाला लागली की घाम परततो आणि इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागतात. शरीर थंड ठेवणाऱ्या लाखो ग्रंथींपैकी काखेत फारच थोड्या असल्यामुळे अंग तापण्याची भीती नसते.

तळहाताची गोष्ट वेगळी. उत्तरपत्रिकेवरची शाई पसरते, बोटाचा ठसा यंत्रावर उमटत नाही. त्रास मोठा, पण तिथे सुई फार दुखते. त्यामुळे मनगटाशी नस बधिर करावी लागते किंवा बर्फ लावावा लागतो. शिवाय पंजाचे छोटे स्नायू काही आठवडे दुबळे होऊ शकतात. शिवणकाम करणाऱ्याला किंवा तबलजीला हा सौदा महागच पडेल. तळहातांसाठी आधी पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देणारी आयन्टोफोरेसिस पद्धत आजमावणे शहाणपणाचे. काखेसाठीही पहिली पायरी रात्री लावायच्या अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचीच.

मायस्थेनियासारखा स्नायुदौर्बल्याचा आजार असलेल्यांना हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. गरोदरपणातही ते टाळतात. नंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तडक रुग्णालय गाठावे; असे क्वचितच घडते, पण घडते. आणि एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढे नसते. म्हणून कोणते औषध, किती युनिट्स दिले, हे प्रत्येक वेळी केसपेपरवर लिहून घ्यावे.