टोमॅटोचा विषाणू पोसतात टोमॅटोचीच प्रथिने

गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या शिवारात टोमॅटोची पाने वळू लागली, शेंडा खुजा राहिला की शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन व्हायरसवरचे औषध मागतो. असे औषध नाही. मिळते ते पांढऱ्या माशीवरचे कीटकनाशक, आणि तोवर माशीने विषाणू झाडात सोडलेला असतो. पर्णगुच्छाचा हा विषाणू म्हणजे सुमारे 2,700 अक्षरांचे डीएनएचे वर्तुळ. काही प्रकारांत अशी दोन. टोमॅटोत जनुके 35,000च्या आसपास, विषाणूत मूठभर. डीएनएची नक्कल करणारे किंवा जनुक वाचणारे स्वतःचे विकरही त्याच्याजवळ नाही. वाढ पुरी झालेल्या पानाच्या पेशींनी नक्कल करणे थांबवलेले असते. विषाणूचे ‘रेप’ प्रथिन पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या टोमॅटोच्या प्रथिनाला चिकटते, तो आवर सैल होतो आणि थांबलेली यंत्रणा विषाणूसाठी राबू लागते. त्याची जनुके वाचते तेही झाडाचेच आरएनए पॉलिमरेज. कवचाच्या प्रथिनाचे जनुक मात्र उशिरा जागे होते. ते जागे करणारे विषाणूचे दुसरे प्रथिन पुन्हा झाडाच्याच नियंत्रक प्रथिनांचा आधार घेते. प्रत्येक पायरीवर झाडाचे प्रथिन लागत असेल, तर खरा बंदोबस्त वाणातच करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

ही प्रथिने झाडालाही जगायला लागतात, ती मोडली तर झाडच जाईल, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रथिन नाहीसे करावे लागत नाही. ‘टाय-5’ या टोमॅटोतल्या प्रतिकारक जनुकात बदल असतो तो ‘पेलोटा’ प्रथिनाचा; हे प्रथिन अडकलेल्या रायबोसोमना, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रांना, मोकळे करते. झाड नीट वाढते, विषाणूची वाढ खुंटते. दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोतून आलेले ‘टाय-1’ वेगळ्या वाटेने जाते. ते विषाणूच्या डीएनएवर रासायनिक खुणा वाढवते आणि त्याची जनुके मुकी करते. असा प्रतिकार टिकेल का, हा दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. काकडीवरील मोझॅक विषाणूची जोडलागण झाली की ‘टाय-1’ची ताकद घटते, हे प्रयोगांत दिसले आहे, आणि 2020 साली ‘तिरंगा’ म्हणून गाजलेल्या रोगाच्या महाराष्ट्रातील नमुन्यांत हाच विषाणू सापडला. ते नमुने तपासायला बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे धाडावे लागले होते. तोडे चालू असताना अहवालाची वाट पाहणाऱ्या माणसाला तो अहवाल काय कामाचा? म्हणून रोपवाटिकेतली कीटकरोधक जाळी आणि माशीचा बंदोबस्त सुटत नाहीच. पण बियाण्याच्या पाकिटावर नुसते ‘व्हायरस-सहनशील’ न छापता कोणत्या विषाणूविरुद्ध, कोणत्या जनुकामुळे, हे छापणे सक्तीचे करा, आणि पिंपळगाव बसवंतसारख्या बाजारपेठेच्या गावी विषाणू ओळखणारी प्रयोगशाळा पुढच्या खरिपाच्या लागवडीआधी उभी करा.