जांभूळ आधी, तात्पर्य मागून

प्राणीकथेतले अरण्य म्हणजे नाटकाचा मागचा पडदा; कुठलाही लावा, तात्पर्य पोचल्याशी कारण, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. बापू छत्र्यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली तेव्हा ग्रीस मागे राहिला आणि वाचकांचे काही अडले नाही. नीतिकथा आटोपशीर, बिनसजावटीची हवी, हे तर जर्मन लेखक लेसिंगने १७५९ सालीच बजावले होते.

सजावट नको, कबूल. पण लांडगा आणि कोकरू ओढ्यावर उभे आहेत ती सजावट नव्हे. लांडगा वरच्या अंगाला, कोकरू खालच्या. पाणी गढूळ केल्याचा आळ आल्यावर कोकराच्या हाती एकच पुरावा असतो: उतार. पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येते, असे ते सांगते आणि तरीही मरते. ओढा काढून टाका. उरेल ते लांडग्याचे जेवण. पंचगंगेच्या खालच्या अंगाला, शिरोळकडे राहणाऱ्यांना ही गोष्ट फोडून सांगावी लागत नाही. वरच्यांनी नदीत काय सोडले, ते त्यांना पाणीच सांगते.

पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, चिखलात पाय मोडलेला संजीवक बैल यमुनाकाठी टाकून दिला जातो. तिथले हिरवे गवत खाऊन तो माजतो, डुरकतो. पाण्यावर आलेला पिंगलक सिंह ते ऐकून थबकतो. पुढचे सगळे राजकारण या गवतापाण्यावर उभे आहे. आता तोच बैल चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सोडा. गवत वाळलेले, ऊन रणरणते. एक तर तो मरेल, नाहीतर यात्रेच्या लाखोंच्या गर्दीतला कोणी सासनकाठी टेकवून त्याला पाणी पाजेल. ‘चांगभलं’च्या गजरात सिंह काही फिरकायचा नाही. गोष्ट होईल, पण भूतदयेची, मित्रभेदाची नाही. (बैल-सिंहात फूट पाडणाऱ्या दमनक कोल्ह्याला तिथे कामच उरणार नाही.) जोतिबाने रत्नासुराला मारल्याची कथा लोक याच डोंगराकडे बोट दाखवून सांगतात. तिला खाली ‘तात्पर्य’ जोडलेले मी तरी ऐकलेले नाही.

तात्पर्य हाच गाभा म्हणणाऱ्यांची खरी अडचण वानर आणि मगराच्या गोष्टीत होते. आपण ती मुलांना प्रसंगावधानासाठी शिकवतो: काळीज झाडावर राहिले, असे सांगून वानर सुटले. पंचतंत्रात मात्र ही चौथ्या तंत्राची मूळ कथा आहे आणि त्या तंत्राचे नाव लब्धप्रणाश, म्हणजे हाती आलेले गमावणे. तिथला धडा मूर्ख मगराचा आहे. एकाच गोष्टीची दोन तात्पर्ये निघतात, तीही दोन टोकांची. वानर राहते ते काठावरचे जांभूळ मात्र दोन्ही तात्पर्यांना हलवता येत नाही. झाडावर वानराचे राज्य, पाण्यात मगराचे. ही हद्द पुसली तर शहाणपण कोणाचे आणि मूर्खपणा कोणाचा, हेच ठरणार नाही.

म्हणून ‘या गोष्टीचे तात्पर्य लिहा’ हा प्रश्न काही वर्षे रजेवर पाठवावा. मुलांना विचारावे, मगराने आपला बेत भर पाण्यात न सांगता जांभळाखालीच सांगितला असता, तर?