गुऱ्हाळाच्या चुलवणाची सफाई

दौंड तालुक्यांत गुऱ्हाळें पुष्कळ. परंतु चुलवणाच्या सफाईकडे मालकांचें लक्ष थोडें. जळण पुरत नाहीं म्हणून टायर व प्लॅस्टिक जाळणारेही आढळतात, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. आमच्या मतें बहुतेक ठिकाणीं तूट चिपाडाची नसून वाऱ्याची असते. चिपाडाच्या राखेंत सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, विपुल. ती आंचेनें वितळून तिचे खडे वाऱ्याच्या वाटा बुजवितात, आणि कोंडलेला जाळ नुसता धूर ओकतो. काहिलीच्या बुडाची काजळीही आंच अडविते. सबब चुलवण निवल्यावर खडे फोडून काढावे, धुराडें झाडावें, काहिलीचें बूड खरवडावें. चिपाड कडक वाळवूनच घालावें. चरकांतून निघतांना त्याचें जवळजवळ निम्में वजन पाणीच असतें. राख शेतास चांगली. मात्र मुठा कालव्याखालील चोपण जमिनींत ती टाकूं नये, तिला खार अगोदरच पुरे आहे.